पहिलं एअर पिस्तूल घेताना पॉवर नको, ट्रिगर बघा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून धाराशिवकडची पोरं मला विचारतात, "दादा, कुठली गन घेऊ?" मी काही कोच नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण वस्तू घेताना स्पेसिफिकेशन वाचायची सवय आहे, आणि इथे ती कामाला येते. कारण घरचे सोयाबीनच्या पैशातून गन घेऊन देणार असतील, तर ती एकदाच आणि बरोबर घ्यायला हवी.

मल्टीगन आत्ता विसरा

यूट्यूबवर दिसणाऱ्या अमेरिकन मल्टीगन स्पर्धेत पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तिन्ही बंदुका लागतात. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण लायसन्सधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून आपली सुरुवात १० मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफलपासून. ४.५ मिमी नळी आणि २० ज्युलच्या आतली ऊर्जा असेल तर त्या एअरगनला लायसन्स लागत नाही.

पॉवर का नको?

दुकानदार आधी "किती जोरात मारते" तेच सांगतो. आता साधा हिशोब करू. मॅच पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. ½mv² काढलं तर ऊर्जा येते जेमतेम साडेपाच ज्युल. कागदाला भोक पाडायला तेवढी पुरते.

खरी अडचण नेमात आहे. पिस्तुलाच्या पुढच्या-मागच्या साइटमध्ये ३० सेंमी अंतर धरा. तिथे ०.३ मिमीची चूक झाली, तर १० मीटरवर ती १० मिमी होते. टार्गेटवरचं १० गुणांचं वर्तुळ आहे ११.५ मिमी व्यासाचं, म्हणजे १० गेलेच! ट्रिगर खरखरीत असेल तर दाबताना हात एवढा सहज हलतो. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि पिस्तूल जास्तीत जास्त १५०० ग्रॅमचं हवं. बिलाआधी हे दोन आकडे तपासा.

तीन प्रकार

१. स्प्रिंगचं: स्वस्त. पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच दट्ट्याचा झटका बसतो, त्यामुळे नेम हलतो.

२. सिंगल स्ट्रोक: प्रत्येक शॉटला एकदा हाताने हवा भरायची. झटका फारच कमी, सिलिंडरची भानगड नाही. दंड मात्र दमतो.

३. पीसीपी: सिलिंडरमध्ये २०० बार किंवा जास्त दाबाची हवा. स्पर्धेत आज हेच चालतं. पण कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, हे शंभरपट झालं. पंक्चरच्या दुकानात ती भरून मिळणार नाही. हाय-प्रेशर हातपंप किंवा क्लबमधली सोय लागेल, तो खर्च आधीच धरा. सिलिंडरवरची उत्पादनाची तारीखही बघा. त्याचं आयुष्य साधारण १० वर्षं. सेकंडहँड घेताना इथेच फसगत होते.

मग आधी काय घ्यायचं?

आधी क्लब शोधा आणि दोन-तीन महिने तिथलीच गन वापरा. तोवर कळेल की तुमचा हात पिस्तुलाचा आहे की रायफलचा. कुठला डोळा प्रबळ आहे तेही बघा: दोन्ही हातांनी छोटी खिडकी करून लांबची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती तरीही दिसते, तो प्रबळ.

पहिली खरेदी सेफ्टी चष्मा, सपाट तळाचे बूट आणि चपट्या तोंडाचे छर्रे. टोकदार छर्रे नकोत, चपटा छर्रा कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण नीट मोजता येतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

गन सगळ्यात शेवटी. आणि ती घेताना ग्रिप तुमच्या तळहाताच्या मापाची आहे ना, ते हातात धरूनच ठरवा. फोटो बघून ऑर्डर करू नका.