उसाच्या पट्ट्यातून रॉकेटपर्यंत

बारामतीहून इंदापूरकडे निघा. भवानीनगर लागतं, पुढे जंक्शन, तिथून आत वळलं की वालचंदनगर. सगळीकडे ऊसच ऊस. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 उडालं, तेव्हा त्या रॉकेटच्या बूस्टरचे अवजड भाग याच पट्ट्यात बनले होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर शेती उभी केली, मग 1930 च्या दशकात साखर कारखाना. 1932 मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं होतं, वारं अनुकूल होतं. पण कारखाना म्हटला की यंत्रं बिघडणार, म्हणून दुरुस्तीचं वर्कशॉप आलं. खरी गंमत इथे आहे. साखरेची यंत्रं दुरुस्त करणारे हात ती यंत्रं बनवायला लागले, मग सिमेंट कारखान्यांची, आणि 1970 च्या दशकात अणुऊर्जा आणि इस्रोची कामं. जाड पत्रा वाकवणं, वेल्डिंग, गिअर कापणं. कसब जुनंच, गिऱ्हाईक नवं.

आता शेजारचे कारखाने बघा. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. सगळ्यांचं गणित वहीच्या एका पानावर मावतं. उसाची एफआरपी 2018-19 ला टनाला 2750 रुपये होती, 2025-26 साठी 3550 (मधे उताऱ्याचा पाया 10 वरून 10.25 टक्के झाला, ते वेगळंच). साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 ला 31 रुपये किलो ठरला आणि 2025 उजाडलं तरी तिथंच. बाजारात भाव त्याहून वर मिळतो, पण खर्चाच्या वेगाने नाही. ही फट भरायची कशाने? इथेनॉलने. 2018 मध्ये केंद्राने बी-हेवी मळी आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर दिले. राज्यभर कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या.

आणि 7 डिसेंबर 2023 ला आदेश आला: रसापासून, सिरपपासून इथेनॉल बंद! पाऊस कमी, साखर पुरेल का ही धास्ती. आठवड्याभरात 17 लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली, पण बंधनं उठायला ऑगस्ट 2024 संपत आला. बँकेचा हप्ता थोडाच थांबतो? कारखान्याची ओढाताण झाली की झळ पोचते उसाच्या बिलाला. आणि त्याच बिलातून आपल्यातल्या कित्येकांची कॉलेजची फी भरली जाते.

म्हणून ‘ट्रेंड ओळखा’ हा सल्ला मला अर्धाच वाटतो. ट्रेंड बरोबर ओळखूनही धंदा अडकतो, कारण सगळं एकाच गिऱ्हाइकावर, एकाच कच्च्या मालावर टांगलेलं असतं.

हालचाल सुरू आहे, बरं का. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने ऊसशेतीत एआय आणलंय. जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाइलवर सल्ला. तेवढ्याच पाण्यात टन वाढले तर कारखान्याचंही भलं. कॉम्प्युटरवाल्यांना आणि ॲग्रीवाल्यांना एकत्र बसायला इतकं जवळचं काम दुसरं नाही.

दुसरीकडे, मार्च 2025 मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना व्याज सवलत देऊ केली, उसावरची डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालावी म्हणून. गाळप संपलं की उसावरच्या डिस्टिलरीला कच्चा माल कमी पडतो. मका असेल तर ती चालू राहील. फक्त इंदापूर-बारामतीच्या गोठ्यांना आणि पोल्ट्रीलाही तोच मका लागतो. तो कुठून, कोणत्या भावाने आणायचा, याचा हिशेब कॉमर्सच्या पोरांनी एकदा मांडून बघावा.