लांकडी लेखणी : डोळ्यांसाठीं आणि हातासाठीं

लेखणी हें वस्तुतः एक हत्यारच आहे. परंतु रंधा किंवा करवत कोणी कांचेच्या कपाटांत ठेवीत नाहीं, लेखणी मात्र ठेवितात. हातानें घडविलेल्या लांकडी लेखणीच्या वांट्यास तर हें भाग्य फार लौकर येतें. शिसवीच्या जांभळट रेषा, पितळेचें कडें, आरशासारखी झिलई! पाहणारा वाहवा करितो, दोन ओळी लिहितो आणि ती पेटींत ठेवून देतो. तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडवितांना त्याच्या हातांत दुकानांतली साधी लेखणीच असते.

आपला जुना बोरू या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तो आंतून पोकळ, म्हणून हलका; आणि त्याच्या टोंकाचा तिरपा छाट लिहिणारा आपल्या वळणाप्रमाणें देई. शोभेस त्यांत जागा नव्हती, पण तो ज्याचा त्याच्या हातासाठीं तयार होई.

हल्लीं हौशी लोक लांकडी लेखणी करितात ती रीत सोपी आहे. सुमारें पाऊण इंच चौरस लांकडाच्या तुकड्यास मधोमध भोंक पाडून त्यांत पितळेची नळी चिकटवितात, आणि तो तुकडा लेथवर फिरवीत पटाशीनें गोल उतरवितात. साध्या संचांत ही नळी ७ मिलिमीटरांची असते. तुकड्याच्या दोन्ही टोंकांस मापाच्या कड्या असतात. लांकूड त्यांच्या बरोबरीस आलें कीं नवशिका थांबतो. परंतु कड्यांचें माप धातूच्या भागांशीं लांकूड जुळावें एवढ्याचसाठीं असतें. लिहिणाराच्या बोटांचा विचार त्यांत नसतो. पेन्सिलीएवढी बारीक लेखणी बोटांनीं घट्ट चिमटावी लागते आणि दोन पानें होतात न होतात तोंच अंगठ्याचा तळ दुखूं लागतो. म्हणून टोंकें कड्यांस मिळवावीं, पण बोटें टेकतात तेथें १० ते १२ मिलिमीटर जाडी राखावी. याहून फार जाड केल्यास बारीक अक्षर काढणें जड जातें. लहान मुलांस थोडी कमी जाडी पुरते.

टोंकापासून सुमारें दीड इंच भाग बोटांचा आहे. तेथें खांचा, कंगोरे, कडीं नकोत. तीं कितीही सुबक असलीं तरी बोटास बोंचतात. शिवाय लांकडाची खरी शोभा त्याच्या रेषांत असते. लांब, सावकाश उतरणाऱ्या गोलाईवर त्या सलग वाहतात. आडव्या खांचांनीं त्या तुटतात. अर्थात् येथें डोळा आणि हात यांचें भांडण मुळींच नाहीं, आणि कारागीर उगाच तें लावून देतो असें माझें मत आहे.

भांडण खरें आहे तें झिलईचें. लाखेचें पॉलिश लेथवर चटकन् चमकतें, पण घामानें उतरतें. सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थर टिकतो, कांचेसारखा दिसतो; मात्र उन्हाळ्यांत ओलसर बोट त्यावरून घसरतें आणि हातास लांकूड लागतच नाहीं. जवसाचें तेल व मेण यांची चमक मंद, व तीं पुनःपुन्हा लावावीं लागतात. तरी रोज लिहावयाच्या लेखणीस मी तींच पसंत करीन.

वजनाची गोष्ट थोडी निराळी. आबनुसासारखीं कांहीं लांकडें सोडलीं तर बहुतेक लांकूड पाण्यावर तरंगतें. पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठ पट जड. तेव्हां लेखणी जड होते ती बहुतांशीं धातूच्या साजानें, आणि तो साज मागच्या टोंकास असला म्हणजे ती हातांतून मागें ओढते. बोटावर आडवी तोलून पाहावी. तोल मध्यावर किंवा किंचित् लिहित्या टोंकाकडे यावा.

पालकांस एक सूचना. लेथजवळ मुलांस एकटें सोडूं नये. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास फडकें असावें. शिसवीची धूळ पुष्कळांच्या कातडीस व श्वासास बाधते.

मोलाचें लांकूड कातण्यापूर्वीं त्याच आकाराचा तुकडा साध्या लांकडाचा करावा, कागदाच्या गुंडाळीनें त्यांत शाईची कांडी घट्ट बसवावी आणि ज्याच्यासाठीं लेखणी करावयाची त्यासच एक पूर्ण पान लिहावयास सांगावें. बोटें टेकलीं तेथें पेन्सिलीनें खूण करावी. कडें, नक्षी, जें काय घालावयाचें तें त्या खुणेच्या वर.