कार्ब्युरेटरच्या मोटारींतील इंधनाचे तापणे : कारणे व उपाय

प्रस्तावना :
बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसले आहे, तर मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात. दोहोंमधील मार्गावर राजूर घाट लागतो. मे महिन्यात खोऱ्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी कार्ब्युरेटरची जुनी मोटार, विशेषतः अधिक शक्तीसाठी इंजिनात फेरबदल केलेली, घाटात बंद पडण्याचा किंवा माथ्यावर थांबविल्यावर पुन्हा सुरू न होण्याचा संभव असतो. टाकीत पेट्रोल असूनही असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कारणमीमांसा :
पेट्रोलमधील हलके घटक सुमारे ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. इंजिनवरील यांत्रिक पंप टाकीतून इंधन ओढतो. त्यामुळे नळीतील दाब घटतो व उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. परिणामी पंपात द्रवाऐवजी वाफ शिरते व पुरवठा खुंटतो. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

दुसरा दोष याच्या उलट आहे. इंजिन बंद करताच पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते आणि तप्त धातूची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते. फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनात एक्झॉस्ट व इनटेक मॅनिफोल्ड एकाच बाजूस असल्याने हा धोका अधिक असतो.

उपाय :
१. कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा बसवावा.
२. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटसारखा उष्णतेचा मंदवाहक जाड थर द्यावा.
३. इंधननळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी.
४. योग्य दाबाचा विद्युत पंप टाकीजवळ बसवावा. तो इंधन ओढण्याऐवजी ढकलतो. त्यामुळे नळीतील दाब टिकतो.
५. जादा इंधन टाकीत परत नेणारी नळी जोडावी. वाहते इंधन कमी तापते.

पंपावर ओले फडके ठेवणे हा केवळ तात्पुरता इलाज होय. पेट्रोल सांडून इंजिन सुरू होत नसेल, तर ॲक्सिलरेटर वारंवार न दाबता पूर्ण दाबून धरावा.

निष्कर्ष :
२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. तापलेले इंधन आणि झिरपणारी नळी एकत्र आल्यास आगीला आमंत्रण मिळते. म्हणून वरील उपायांपूर्वी नळ्या बदलणे आवश्यक आहे. हा प्रश्न केवळ मोटारीच्या वेगाचा नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेचा आहे.