खर्ची न पडणारे आम्ल

मद्रास (आजची चेन्नई) येथे १७८८ साली स्थापन झालेल्या पॅरी या पेढीने १९०६ साली, त्या शहराच्या पश्चिमेस पालार नदीकाठी असलेल्या राणीपेट येथे खताचा कारखाना काढला. भारतातील रासायनिक खताचा आद्य कारखाना म्हणून त्याची नोंद आहे. फॉस्फेटयुक्त खनिज पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पिकांच्या मुळांस निरुपयोगी ठरते. त्याच्या भुकटीवर गंधकाम्लाची क्रिया केली म्हणजे विद्राव्य सुपरफॉस्फेट मिळते. या क्रियेत गंधकाम्ल खर्ची पडते आणि त्यातील गंधक जिप्समच्या रूपाने खतातच राहतो.

याच आम्लाची दुसरी वागणूक अगदी निराळी आहे. ॲसेटिक आम्ल व मद्यार्क नुसते एकत्र ठेवल्यास त्यांचा संयोग अतिशय मंद गतीने होतो. मिश्रणात तीव्र गंधकाम्लाचे थोडे थेंब घालून ते ऊन पाण्याच्या पात्रात ठेवले, तर लवकरच फळांसारखा गोड वास दरवळू लागतो. तो एथिल ॲसेटेटचा होय. गंधकाम्ल आपला प्रोटॉन ॲसेटिक आम्लाच्या रेणूस जणू उसना देते, त्यायोगे मद्यार्काचा रेणू तेथे सहज जोडला जातो, आणि जोडणी होताच प्रोटॉन मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. शिवाय पाण्याच्या विलक्षण ओढीमुळे हे आम्ल क्रियेत निर्माण होणारे पाणी धरून ठेवते व उलट क्रियेस आळा घालते.

परंतु जे खर्ची पडत नाही ते मागे उरते. वास कितीही गोड असला तरी पात्रातील द्रव दाहकच असतो, आणि नवखा माणूस फसतो तो नेमका येथे. उरलेले आम्ल सोड्याने किंवा चुन्याने मारून मगच पुढील काम करावे लागते.

पाण्याची ही ओढ साठवणीतही घातक ठरते. ९८ टक्के गंधकाम्ल साध्या पोलादी टाकीत ठेवता येते, कारण धातूवर लोहसल्फेटाचा थर बसून तो संरक्षण करतो. मात्र चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेतील बाष्प आत शिरले, की वरचे आम्ल सौम्य होऊन पोलाद खाऊ लागते व हायड्रोजन वायू सुटतो. अशा टाकीजवळ जोडकामाची एक ठिणगी पडली तरी स्फोट होऊ शकतो. म्हणून टाकीच्या श्वासनळीवर बाष्पशोषक बसवतात.

प्रयोगशाळेतील नियम सर्वश्रुत आहे: आम्ल पाण्यात सावकाश, ढवळत ओतावे; आम्लात पाणी कधीही ओतू नये. तीव्र आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असते. त्यावर ओतलेले पाणी वरच तरंगते, मिश्रणाच्या उष्णतेने क्षणात उकळते आणि आम्लासकट उडते. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे हवेतच. त्वचेवर वा डोळ्यांत थेंब गेल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे व तत्काळ डॉक्टरांकडे जावे. त्यावर सोडा चोळू नये.

उरलेल्या आम्लाची ही कटकट टाळण्यासाठी रसायनज्ञ घन आम्लांकडे वळले. चेन्नईच्या उत्तरेस मनाली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात जड तेलाचे रेणू तोडण्यासाठी उत्प्रेरकाची भुकटी वापरतात. अशा भुकटीतील मुख्य घटक म्हणजे झिओलाइट, सिलिका व ॲल्युमिना यांचे सच्छिद्र स्फटिक. त्यांच्या छिद्रांतील प्रोटॉन तेच उसनवारीचे काम करतात, पण आम्ल द्रवात मिसळून जात नाही. कणांवर साचलेला कोळसा जाळून टाकतात आणि तीच भुकटी पुन्हा तेलात सोडतात.