शेतीवरील सरकारी खर्च आणि देशाचे अन्न

पेरलेले बी चार महिन्यांत पदरात माप घालते. परंतु शासनाने शेतीसाठी खर्चिलेल्या रुपयाला पीक येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच अशा खर्चाचा उपयोग काय, अशी शंका गावच्या पारावर वारंवार निघते. तिचे उत्तर आपल्याच देशाच्या अनुभवात आहे.

पहिल्या दोन योजनांचा धडा

पहिली पंचवार्षिक योजना १९५१ साली सुरू झाली. तिच्या २,०६९ कोटी रुपयांच्या मूळ आराखड्यात शेती व समूह विकास यांसाठी ३६१ कोटी, म्हणजे शेकडा सतरांहून अधिक रक्कम होती. पाटबंधारे व वीज यांसाठी ५६१ कोटी निराळे होते. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५०८ लक्ष टन धान्य पिकले होते; १९५५-५६ मध्ये ते सुमारे ६६८ लक्ष टन झाले. पावसाने साथ दिली हे खरे. तथापि नव्या पाण्याचा व लागवडीस आलेल्या जमिनीचा त्यात वाटा होताच.

दुसऱ्या योजनेत कारखानदारीवर भर आला. शेतीची रक्कम वाढून ५६८ कोटी झाली, परंतु तिचा हिस्सा शेकडा बारांच्या आत आला. पुढे १९६५-६६ मध्ये पावसाने दगा दिला आणि आदल्या वर्षीचे सुमारे ८९३ लक्ष टन उत्पादन ७२३ लक्ष टनांवर घसरले. १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य परदेशांतून आणावे लागले. शेतकऱ्यांच्या देशाला अन्नासाठी जहाजांची वाट पाहावी लागली!

बी, पाणी, खत आणि भाव

याच सुमारास खर्चाला निश्चित दिशा मिळाली. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम आणि १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. गव्हाचे उत्पादन १९६५-६६ मधील सुमारे १०४ लक्ष टनांवरून १९७०-७१ मध्ये २३८ लक्ष टनांवर पोचले. सुधारलेले बी, हमखास पाणी, खत आणि आधारभाव ही चारही एकत्र आली, म्हणून हे साधले. यांतील एकही उणे असते, तर उरलेल्या तिन्हींवरील खर्च बराचसा वाया गेला असता.

जिराईत शिवाराचे काय?

मात्र हा लाभ सर्वांस सारखा झाला नाही. कडधान्यांचे उत्पादन १९६०-६१ मध्ये सुमारे १२७ लक्ष टन होते. १९७०-७१ मध्ये ते ११८ लक्ष टन भरले. पाणी नसलेल्या शिवारात नवी लाट पोचली नव्हती. महाराष्ट्राची बहुतेक शेती जिराईत. १९७२ च्या दुष्काळाने हे उणेपण उघडे केले. त्या वर्षी हजारो मजुरांनी खडी फोडली, तसेच पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीचीही कामे केली. दोन्हींची मजुरी त्या दिवशी चूल पेटवते. परंतु खडीने विहिरीला पाणी येत नाही, पाझर तलावाने येते. त्या काळी सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले.

गावातील कार्यकर्त्यांस

तिजोरीतून निघालेला रुपया अखेर आपल्या हातून शिवारात जातो. म्हणून कामांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाणी व माती अडविणारी कामे तीत अग्रभागी ठेवावीत. बी पेरणीपूर्वी गावात पोचेल असे पाहावे. झालेल्या बांधाची डागडुजी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शेतकरी बांधवांनी स्वतः करावी. फुटलेल्या बांधावरचा खर्च कागदावर राहतो, कणगीत येत नाही.