मोजकीं झाडें आणि त्यांचा वंश

एकाच जातीच्या गवताचीं दोन पातीं डोळ्यांना सारखीं दिसतात. म्हणून तीं अंतर्यामींहि सारखींच असावींत, असा समज सहज होतो. तो खरा नाहीं. जात एक असली तरी तिच्यांतील प्रत्येक रोपाचें आनुवंशिक गुणांचें भांडवल थोडेंफार निराळें असतें. त्यांतलें कोणतें टिकावें व कोणतें लोपावें, हें भोंवतालच्या परिस्थितीवर आणि झाडांच्या संख्येवर ठरतें. परिस्थितीची चर्चा पुष्कळ होते. संख्येकडे लक्ष जात नाहीं, आणि घात बहुधा तेथेंच होतो.

परिस्थितीचें सामर्थ्य पाहावयाचें तर वेल्समधील ड्रूस-अ-कॉइद येथील तांब्याची जुनी खाण पाहावी. तेथील मातींत तांबें इतकें, कीं साधें गवत मूळच धरीत नाहीं. तरीहि अग्रॉस्टिस नांवाचें शेजारच्या कुरणांतलेंच गवत तेथें उगवलेलें आढळलें. कुरणाच्या बियांत तांबें सोसणारें रोप हजारांत जेमतेम एखादें असतें. खाणीवर तेवढेंच वांचतें व त्याचाच वंश वाढतो. मॅकनीली यांनीं १९६८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसलें कीं, वारा येतो त्या बाजूला खाणीची हद्द संपतांच हा गुण एकाएकीं लोपतो. वारा जातो त्या बाजूला मात्र तो बराच दूरवर आढळतो. कारण खाणीवरील पराग वाऱ्याबरोबर कुरणांत जातात.

परंतु निवड होण्यास आधीं निवडण्याजोगें कांहीं हवें. कुरणांत रोपें अगणित, म्हणून हजारांतलें एखादें सांपडलें. तींच तीस-चाळीस असतीं तर? मूग-मटकीच्या डब्यांत थोडेसे पावटे मिसळलेले आहेत, असें समजावें. शेरभर माप काढलें तर त्यांत पावटे येतीलच. पांच-सहाच दाणे उचलले तर एकहि न येण्याचा संभव अधिक. यांत पावट्याचा दोष कांहीं नाहीं. लहान समूहांतून दर पिढीला असे मोजकेच दाणे पुढें जातात, आणि उत्तम गुणहि केवळ योगायोगानें नाहींसा होतो.

अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत नेमकें हेंच झालें. लेकसाइड डेझी नांवाचें पिवळ्या फुलांचें एक ठेंगणें रोप उत्तरेकडील महासरोवरांच्या परिसरांत, चुनखडीच्या उघड्या खडकांवर वाढतें. सावली त्याला मानवत नाहीं. म्हणून वस्ती मुळांतच विरळ, आणि त्यांत दगडाच्या खाणी निघाल्या. इलिनॉयमध्यें शेवटीं सुमारें तीस रोपें उरलीं. तीं जिवंत होतीं, परंतु पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यांनीं बीं म्हणून धरलें नाहीं!

कारण असें कीं, या जातींत सगोत्र विवाहाचा कडक निषेध आहे. रोप स्वतःचा पराग स्वीकारीत नाहीं, व आपल्याच गोत्राच्या दुसऱ्या रोपाचाहि नाहीं. मोठ्या समूहांत गोत्रें अनेक, म्हणून अडचण पडत नाहीं. इलिनॉयच्या रोपांत मात्र एकच गोत्र शिल्लक राहिलें होतें. मार्सेला डेमॉरो यांनीं त्यांचा परस्परांशीं संकर करून पाहिला, तो निष्फळ ठरला. एरी सरोवराकांठच्या ओहायो संस्थानांतील रोपांचा पराग दिला, तेव्हां बीं धरलें. हा अभ्यास १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच इलिनॉयमधील मूळची वस्ती नष्ट झाली होती. परंतु तेथून आणून राखलेल्या रोपांचा ओहायोच्या रोपांशीं संबंध जुळवून त्यांची संतति इलिनॉयच्या खडकाळ माळांवर पुन्हां लावण्यांत आली.