बाटलीशी संबंधित इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ व उगम

प्रास्ताविक

वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून मिळत नाही. त्यामागचे चित्र समजावे लागते. या घटकात आपण 'बॉटल' या शब्दाभोवतीचे काही इंग्रजी वाक्प्रचार पाहू.

१. बाटलीतला जिन

'लेट द जिनी आउट ऑफ द बॉटल' म्हणजे पुन्हा आवरता न येणारी शक्ती मोकळी करणे. हे चित्र 'अरेबियन नाइट्स'मधील कोळी व जिन यांच्या कथेतले आहे. तेथे भांडे काचेचे नसून शिशाची मोहर लावलेले पितळी आहे. इंग्रजीत ते बाटली झाले. गंमत अशी, की कथेतला कोळी युक्तीने जिनाला पुन्हा आत घालतो. वाक्प्रचारात मात्र परतीची वाट नाही.

लखनौच्या उर्दूत हेच चित्र उलट्या दिशेने येते. 'शीशे में उतारना' म्हणजे गोड बोलून एखाद्याला वश करणे. जणू परी किंवा जिन कुपीत बंद केला. जादू, पऱ्या आणि जिनांच्या दास्तानांचे हे शहर. येथील नवल किशोर प्रेसने (स्थापना 1858) 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही प्रचंड दास्तान 1883 पासून छापली. मराठीतही आपण एखाद्याला 'बाटलीत उतरवतो'. म्हणजे इंग्रजीत धोका जिन बाहेर पडण्यात आहे, तर उर्दू-मराठीत कौशल्य त्याला आत घालण्यात.

२. जुनी दारू, नवी बाटली

'ओल्ड वाइन इन अ न्यू बॉटल' म्हणजे जुनीच गोष्ट नव्या वेष्टनात. बायबलमधला मूळ दृष्टान्त वेगळा आहे : नवा द्राक्षारस जुन्या भांड्यात घालू नये. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात 'बॉटल' शब्द असला, तरी ते भांडे म्हणजे कातडी बुधला. ताजा रस आंबताना वायू सुटतो. जुने, ताठ झालेले कातडे ताणले न जाता फाटते. बाटली काचेची समजली, तर हा दृष्टान्त कळतच नाही.

३. मान आणि बूच

'बॉटलनेक' म्हणजे जेथे सारा प्रवाह अडतो ती अरुंद जागा. चौपदरी रस्ता अरुंद पुलाशी आला की कोंडी होते. कार्यालयात एकाच टेबलावर फायली साचतात, तेही बॉटलनेकच. 'बॉटल अप' म्हणजे राग, दुःख मनात कोंडून ठेवणे. मराठीत दोन्हीकडे 'कोंडणे' हीच कल्पना येते, हे लक्षात घ्यावे.

४. दारू आणि धैर्य

'हिट द बॉटल' म्हणजे दारूच्या आहारी जाणे. येथे 'बाटलीवर मारणे' असे भाषांतर हास्यास्पद ठरेल. ब्रिटिश बोलीत 'लूज वन्स बॉटल' म्हणजे ऐनवेळी धीर सुटणे. त्याचा दारूशी संबंध नाही.

सारांश

वाक्प्रचार भाषांतरित करताना आधी भांडे ओळखावे, मग आत काय आहे ते पाहावे आणि शेवटी आपल्या भाषेतील प्रतिशब्द शोधावा.

स्वाध्याय : आपल्या मातृभाषेतील भांड्यांवरून आलेले तीन वाक्प्रचार लिहा. त्यांपैकी कोणता इंग्रजीत शब्दशः नेता येणार नाही, ते सकारण सांगा.